जेवणाच्या सुट्टीतला नकार

१

आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावातल्या स्वेटर कारखान्याने मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, फ्रान्सचा अख्खा हिवाळा नाकारला. कोणी नाकारला ते कोणालाच माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी मला बोलावणं आलं. मी इंद्रदेव, प्लेन दे पपाय गावचा. गुन्हेगार शोधणं हे माझं काम नाही. माझं काम टेलिफोनची लाइन तपासणं. पण तिथले मॅनेजर मस्ये, म्हणजे साहेब, ब्रॅसाक यांनी आमच्या पोर्ट लुईच्या कचेरीला फोनवर सांगितलं होतं की गुन्हेगार तुमच्या टेपमध्ये आहे, तो काढून द्यायला माणूस पाठवा. कचेरीतल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, जा, काढून दे. जणू कपाटातून छत्री काढायची होती.

आता हा टेपचा प्रकार सांगायला हवा. ज्या फ्रेंच कंपनीसाठी हा कारखाना स्वेटर विणायचा, तिचं मोठं यंत्र फ्रान्समध्ये होतं आणि त्याचं एक टोक फिनिक्समध्ये. टोक म्हणजे एक पडदा, एक कळफलक, एक प्रिंटर आणि टेलिफोनची तार. ऑर्डरी त्या तारेवरून येत, उत्तरं त्याच तारेवरून जात. पंच्याऐंशी साली आमच्या बेटावर ही चीज पाहायला लोक नातेवाईक घेऊन यायचे. काही बिघडलं की फ्रान्सवाले म्हणत चूक तुमची, फिनिक्सवाले म्हणत चूक तुमची. म्हणून आमच्या कचेरीने तारेवर एक कॅसेट रेकॉर्डर बसवला होता. तिकडून येणारं आणि इकडून जाणारं सगळं त्यावर शिट्ट्यांच्या आवाजात उतरायचं. तीच कॅसेट परत यंत्राला ऐकवली की प्रिंटर आदल्या दिवसाचा संवाद जसाच्या तसा छापून द्यायचा. टेप कोणाची बाजू घेत नसे. त्यामुळे ती कोणालाच आवडत नसे.

मस्ये ब्रॅसाक यांचा एक गाल सुजलेला होता आणि ते अर्ध्या तोंडाने ओरडत होते. त्यातून मला कळलं ते असं: मंगळवारी फ्रान्सने हिवाळ्याची ऑर्डर पाठवली. रोजच्यासारखं विचारलं, मंजूर आहे का? फिनिक्सने कळवलं, नाही. आता ही ऑर्डर पोर्तुगालला जाणार. फ्रान्सवाले आज संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होते, पण एका अटीवर. हे कोणी केलं आणि का, ते पुराव्यानिशी दाखवा.

कोणी, हा प्रश्न मस्ये ब्रॅसाक यांच्यासाठी सुटलेला होता. यंत्राच्या खोलीची किल्ली एकाच मुलीकडे असे. विद्यावतीकडे. ती विणकामाच्या हॉलमधून वर आलेली, यंत्रावर बसणारी पहिली मुलगी. चार वाजता ते पोलिसांना फोन करणार होते. आणि पोलिसांकडे नाव गेलेल्या मुलीला बेटावरचा दुसरा कोणता कारखाना दारात उभं करणार, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. दिवसभर मी हेच म्हणत राहिलो.

२

विद्यावती यंत्राच्या खोलीत खुर्चीवर न बसता खुर्चीशेजारी उभी होती. जणू खुर्ची आधीच दुसऱ्याची झाली होती.

मी तिला फार विचारलं नाही, तरी तिने बरंच सांगितलं. सकाळी लाइन जोडली. मग जेवायला गेली. लाइन तशीच ठेवली, कारण एकदा तुटली की परत मिळेपर्यंत ऊस वाढतो. आपली जेवणाची सुट्टी होते तेव्हा तिकडे कचेऱ्या उघडतात, त्यामुळे प्रश्न नेहमी त्याच वेळी येतो. तो पडद्यावर थांबून राहतो आणि ती जेवून आल्यावर उत्तर देते. मंगळवारी आली तेव्हा प्रश्न नव्हताच. 'आभारी आहोत' असं होतं.

"दार मी लावलं होतं," ती म्हणाली. "किल्ली माझ्याजवळ होती."

मी मान हलवली आणि तारा पाहू लागलो.

"किल्ली माझ्याजवळच होती," ती परत म्हणाली.

मी किल्लीबद्दल काही विचारलं नव्हतं. हे ध्यानात यायला मला दुपार झाली.

मी कॅसेट मागे गुंडाळली आणि यंत्राला ऐकवली. प्रिंटर खडखडला. आधी फ्रान्सचा प्रश्न आला: हिवाळ्याची ऑर्डर मंजूर आहे का? मंजूर असल्यास ओ हे अक्षर दाबा. खाली आमचं उत्तर होतं. एक ओळभर जे हे अक्षर. मग आणखी एक ओळ जे.

फ्रान्सच्या यंत्राला शंका हा प्रकार शिकवलेला नव्हता. ओ सोडून काहीही आलं की ते नकार समजायचं. त्याने सभ्यपणे विचारलं, नकार मागे घ्यायचा असल्यास ओ दाबा. उत्तर: जे, जे, जे, जे. यंत्र म्हणालं, आभारी आहोत. त्यावरही जे. प्रिंटर थांबेना. कागद टेबलावरून खाली उतरला, खुर्चीखाली गेला आणि दाराकडे निघाला, आणि त्यावर एकच अक्षर होतं.

दारात मस्ये ब्रॅसाक उभे होते. त्यांनी कागद उचलला, वाचला (वाचायला वेळ लागला नाही) आणि हळूच म्हणाले, "जयदेव."

३

जयदेव हा गोदामाचा कारकून. यंत्राची खुर्ची त्याला हवी होती आणि हे त्याने कधी लपवलं नव्हतं. विद्यावतीला खुर्ची मिळाली त्या दिवशी त्याने मिठाई वाटली नाही, एवढंच नाही, दुसऱ्याने वाटलेली परत केली होती. म्हणजे हेतू होता. आणि आता त्याच्या नावाचं पहिलं अक्षर कारखान्यात जमिनीवर पसरलं होतं.

मी त्याला गोदामात गाठलं. लोकरीच्या गठ्ठ्यावर बसून तो पाव आणि कडधान्याची भाजी खात होता. मी कागद दाखवला. त्याने खाणं थांबवलं नाही.

"मो पा कोने," तो म्हणाला. म्हणजे मला काय ठाऊक. मग थोडा विचार करून मराठीत आला. "अरे, मी चोरी केली तर नाव लिहून ठेवीन होय? आणि लिहिलंच तर एकदा लिहीन ना? हा काय शाळेतला फळा आहे?"

शिवाय त्याच्यासोबत गोदामातली सगळी माणसं जेवत होती आणि ती सगळी म्हणत होती की मंगळवारीही तो इथेच जेवला. त्याचं लोणचं कोणी खाल्लं यावरून भांडण झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना पक्कं आठवत होतं. इतकी भक्कम साक्ष मी कुठे ऐकली नव्हती.

मी परत यंत्राकडे आलो आणि कॅसेट प्रिंटरला नाही, स्वतःच्या कानाला ऐकवली. शिट्ट्या. टुं, टुं, टुं, टुं. नळ गळतो तशा. मी लाइन काढून कळफलकावर स्वतः जे दाबून पाहिलं, दाबला, सोडला, दाबला, सोडला. माझी लय आधी घाईची, मग कंटाळ्याची झाली, मग बोट दुखलं. टेपवरच्याला घाई नव्हती आणि कंटाळाही नव्हता. मग मी कळ नुसती दाबून धरली. यंत्र आपोआप एकामागून एक जे पाठवू लागलं. टुं, टुं, टुं. तंतोतंत तेच.

म्हणजे कोणीतरी अख्खी जेवणाची सुट्टी एका कळीवर बोट ठेवून बसलं होतं.

हा शोध लागल्यावर मी आधीपेक्षा जास्त गोंधळलो. नकारच द्यायचा तर एकदा दाबून पळून जावं. सगळी सुट्टी कोण बसेल? ज्याला भूक नाही तो. मी हॉलभर विचारत फिरलो की मंगळवारी कोण जेवलं नाही. सगळे जेवले होते. विद्यावतीसुद्धा, हॉलमधल्या बायकांबरोबर, सगळ्यांसमोर. न जेवलेला माणूस अख्ख्या कारखान्यात एकच निघाला.

मस्ये ब्रॅसाक.

४

आता नीट पाहिलं तर हेतू त्यांनाही होता. एवढे स्वेटर वेळेत होणार नाहीत असं ते महिनाभर ओरडत होते. ऑर्डर परत गेली तर सुखाची झोप त्यांनाच लागणार होती, आणि दोष त्या मुलीवर. मला माझ्या हुशारीची भीती वाटली. मी त्यांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि विचारलं की मंगळवारी सगळे जेवत होते तेव्हा आपण कुठे होतात.

त्यांनी सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं. क्युरपिपला, दाताच्या डॉक्टरकडे. डॉक्टरने दाढ काढली होती. ती त्यांनी खिशातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ती का जवळ बाळगली होती, हे मी विचारलं नाही. मी यंत्रासारखं 'आभारी आहोत' म्हटलं आणि बाहेर आलो.

साडेतीन वाजत आले होते. माझ्याकडे संशयित संपले होते. एक मुलगी उरली होती जी जेवत होती, आणि एक बोट उरलं होतं जे कोणाचंच नव्हतं.

मी हॉलच्या कडेला बाकावर बसलो. यंत्रं चालू होती, बायका दोरे जोडत होत्या. तेवढ्यात कुंतीमावशी डबा घेऊन आली. कारखाना उघडला त्या दिवसापासून ती इथे विणत होती आणि हॉलमधल्या निम्म्या पोरींना तिनेच काम शिकवलं होतं, विद्यावतीलाही. मोंतान्य ब्लांश गावची. माझी आजी बोलायची तसलं मराठी बोलायची, मध्येच क्रिओल घालून.

"सकाळपासनं उपाशी भटकतोस," ती म्हणाली. "खा. दसऱ्याचा दिवस आहे, बे. रित्या तोंडानं बसू नये."

डब्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या. मी एक खाल्ली, मग दुसरी. तिसरी हातात घेतली तेव्हा मावशी म्हणाली की कालच्या पूजेचा प्रसाद आहे, सगळ्यांना थोडा थोडा पुरला, तुझ्यासाठी राखला.

मी विचारलं, कालची कसली पूजा?

"नवमी नव्हती होय? हत्यारांची पूजा. बाप कोयत्याची करायचा, मी यंत्राची करते."

हॉलमधल्या प्रत्येक यंत्राला, तिने सांगितलं, एकेक फूल आणि कुंकवाचं बोट लावलं होतं. मस्ये यांना न कळता, कारण मागच्या वर्षी निरांजनाने एक बाही जळाली आणि तेव्हापासून त्यांनी कारखान्यात पूजा बंद केली होती. म्हणून यंदा दिवा नाही, आवाज नाही, नुसतं फूल आणि कुंकू.

"आणि नारळ?" मी विचारलं. माझ्या तोंडात वडी होती.

"नारळ एकच असतो. नारळ मोठ्याचा मान."

मी वडी गिळली. मग उठून यंत्राच्या खोलीत गेलो आणि कळफलकावर वाकलो. जेच्या कळीच्या कडेला, दोन कळींच्या फटीत, लाल कण होते.

५

मी परत येऊन बसलो तेव्हा विद्यावती मावशीजवळ उभी होती. मी काय पाहिलं ते तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

मी मावशीला विचारलं की नारळ यंत्राच्या वर का नाही ठेवला.

वरून उतार आहे, ती म्हणाली, घरंगळून पडला असता. आणि तापतंही. खाली त्या बटणांच्या मधोमध जरा खळगा आहे, तिथे कसा छान बसला, जसा तांब्यावर बसतो. सगळी सुट्टी त्याला बसू दिला. सुट्टी संपताना उचलला, घरी नेला, फोडला, वड्या केल्या.

"आणि किल्ली?"

विद्यावती म्हणाली, "मी दिली."

"मी मागितली म्हणून दिली तिनं," मावशी म्हणाली. "नवं यंत्र, नवी पोर. दोघांना दृष्ट लागते. तिच्यासाठीच केलं मी. त्यात वाईट काय?"

मग मी तिला सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, "माझ्या नारळानं?"

"हो."

"फ्रान्सला?"

"हो."

"पण त्याला फ्रेंच कुठे येतं?"

मी म्हटलं, ज्याला येत नाही तो नाही म्हणाला, असंच तिकडचं यंत्र समजतं. मावशीने यावर बराच विचार केला आणि म्हणाली की मग ते यंत्र तिच्या सुनेसारखं आहे. मग पदराने हात पुसले आणि मस्ये यांच्या खोलीकडे निघाली. विद्यावतीने तिचा दंड धरला. काल दुपारपासून ती याचसाठी किल्ली आपल्याकडेच होती यावर अडून बसली होती. नारळाने काय केलं हे तिला ठाऊक नव्हतं, पण मावशीने पूजा केली हे कळलं तर मावशीची नोकरी जाईल एवढं नक्की ठाऊक होतं. मावशी पोरीसाठी नारळ ठेवत होती, पोर मावशीसाठी पोलिसांकडे जायला तयार होती, आणि पुरावा आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला होता.

"सोड," मावशी म्हणाली. "की पू फेर, काय करणार. माझा नारळ, मी सांगते."

६

मस्ये ब्रॅसाक यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले की नारळ ऑर्डर नाकारतो हे पाहिल्याशिवाय ते मानणार नाहीत. योग्यच होतं. कँटीनमधून एक नारळ मागवला. मी लाइन काढली, रेकॉर्डर लावला आणि मावशीने नारळ खळग्यात ठेवला. पहिल्यांदा जी हे अक्षर आलं. मस्ये विजयी दिसले. मी म्हटलं, साहेब, हाही नकारच आहे. दुसऱ्यांदा नारळ कलला. तिसऱ्यांदा मावशीने तो शेंडी पडद्याकडे करून नीट बसवला, आदल्या दिवशी बसवला होता तसा, आणि प्रिंटरने जेची ओळ सुरू केली. दोन्ही कॅसेटी मी पाठोपाठ वाजवल्या. टुं, टुं, टुं. कोणती माणसाच्या बोटाची नाही हे विचारायची गरज पडली नाही. दोन्ही नव्हत्या.

फ्रान्सला लाइन जोडली. तिकडे आता यंत्राजवळ एक माणूस बसला होता. आम्ही दुसरी कॅसेट त्याला तारेवरून ऐकवली. मस्ये यांनी विद्यावतीकडून लिहवून घेतलं की कळफलकावर एक वस्तू राहिली होती. कोणती वस्तू, ते त्यांनी लिहू दिलं नाही. तिकडून आलं: पटलं. प्रश्न परत विचारतो. हिवाळ्याची ऑर्डर मंजूर आहे का?

मस्ये खुर्चीत मागे टेकले. पोलिसांचा विषय संपला, ते म्हणाले. विद्यावतीची नोकरी राहील. कारखाना मात्र देऊळ नाही. म्हातारीने उद्यापासून येऊ नये.

मावशीने तो कँटीनचा नारळ उचलून कडेवर घेतला, मूल घेतात तसा.

"दाब," मस्ये म्हणाले.

विद्यावतीचं बोट ओच्या कळीवर होतं. ते खाली गेलं नाही. पडद्यावर प्रश्न लुकलुकत होता.

मस्ये यांनी परत सांगितलं, या वेळी पूर्ण तोंडाने. गाल दुखला असणार.

"मस्ये," ती म्हणाली, "आधी तुम्ही लिहा."

ती खुर्चीवरून उठली आणि त्यांना जागा करून दिली. काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रेकॉर्डरकडे पाहिलं. चाकं फिरत होती. स्वतःच ओ दाबून मोकळं व्हावं असं त्यांच्या मनात आलं असेल. पण उद्या, परवा, त्यापुढेही रोज फ्रान्सशी बोलणार कोण? ते यंत्र त्यांना चालू करताही येत नव्हतं.

ते बसले आणि दोन बोटांनी लिहू लागले. एकेक अक्षर शोधत. यंत्र मांडण्यात चूक झाली होती. कामगारांपैकी कोणाचा दोष नाही. सगळे उद्या कामावर असतील.

फ्रान्सच्या माणसाला काही कळेना. त्याने विचारलं: सगळे म्हणजे कोण?

मस्ये यांनी मागे वळून पाहिलं. विद्यावती हाताची घडी घालून उभी होती. ते परत वळले, आणि के ही कळ कुठे आहे ते तिला विचारलं. तिने दाखवली. तिथून त्यांनी कुंतीमावशीचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि तिकडून आलं: ठीक.

मग विद्यावती बसली आणि तिने ओ दाबला. एकदाच.

मावशी तोपर्यंत दाराबाहेर गेली होती. विद्यावतीने तिला आत बोलावलं, बस म्हणाली, खुर्ची पुढे केली. मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाली, "नको गं. मी इथेच बरी. आत आले तर पुन्हा काहीतरी दाबलं जायचं."